शेवटचे गाणे कुणाचे?

कलावंत म्हातारा झाला म्हणजे त्याच्याशी कसे वागायचे, हे प्रस्थापित समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते. तो त्यांच्यातला असेल तर त्याच्या सुरकुत्यांनाही किंमत येते. सत्कार होतात, गौरवग्रंथ निघतात. तो त्यांच्यातला नसेल तर मरेपर्यंत राबतो आणि मेल्यावर संशोधनाचा विषय होतो. ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम 20 ऑक्टोबर 2023 रोजी निघाला. त्याचे चाहत्यांनी जे स्वागत केले त्याविषयी लिहायला बसलो, तेव्हा सर्वांत आधी हेच मनात आले.

आपल्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रॉक संगीत आपल्या वस्तीत कधी आले नाही. महाविद्यालयात ते आले ते गिटार परवडणाऱ्या मुलांच्या खोलीत. पण बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या अमेरिकनांच्या लढ्याशी आपले नाते सांगितले. 1972 मध्ये आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले ते तिथूनच. काळ्यांची कविता आपण वाचली, आत्मकथने वाचली, त्यांवर चर्चा केल्या. त्यांचे गाणे मात्र आपल्याकडे फार कमी आले. जे आले ते बहुतेक गोऱ्या गळ्यातून आले, आणि म्हणून ते त्यांचे आहे हेच आपल्याला कळले नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मला ते वयाच्या तिशीनंतर कळले.

कळले ते असे. आमच्या महाविद्यालयात एक ज्येष्ठ सहकारी आहेत. माणूस मनाचा मोकळा. स्टोन्सच्या तबकड्या त्यांच्याकडे कपाटभर. एप्रिल 2003 मध्ये मुंबईला ब्रेबोर्न स्टेडियमवर हा बँड आला, तेव्हा ते तिकीट काढून गेले होते. त्या एप्रिलमध्ये मी शाळकरी पोर होतो. सुट्टी लागण्याची आणि जयंतीच्या मिरवणुकीची वाट पाहत होतो. नवा अल्बम आला तेव्हा त्यांनी मला शिक्षककक्षात बसवून तो ऐकवला आणि शेवटचे गाणे संपल्यावर म्हणाले, “सर, वर्तुळ पूर्ण झालं.” पुढे मी वाचले तेव्हा लक्षात आले की जगभरचे चाहते आणि समीक्षक थोड्याफार फरकाने हेच म्हणत आहेत. या वाक्याशी माझे भांडण आहे.

आधी अल्बमविषयी. स्टोन्सनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला तो तब्बल 18 वर्षांनी. आधीचा 2005 मधला ‘अ बिगर बँग’. मधल्या काळात 2016 मध्ये ‘ब्लू अँड लोनसम’ हा जुन्या ब्लूज गाण्यांचा अल्बम आला, आणि 24 ऑगस्ट 2021 रोजी ढोलवादक चार्ली वॉट्स वारला. ‘हॅकनी डायमंड्स’ निघाला तेव्हा मिक जॅगर 80 वर्षांचा होता आणि कीथ रिचर्ड्‌सला 80 पूर्ण व्हायला दोन महिने होते. एकंदर 12 गाणी. दोन गाण्यांत वॉट्सने मृत्यूपूर्वी वाजवलेले ड्रम आहेत. त्यांपैकी ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ या गाण्यात तीसेक वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला बिल वायमनही वाजवतो. ‘बाइट माय हेड ऑफ’ या गाण्यात बीटल्सचा पॉल मॅकार्टनी बेस वाजवतो. निर्माता अँड्र्यू वॉट हा 1990 मध्ये जन्मलेला, म्हणजे बँडहून 28 वर्षांनी लहान.

ऐकताना मला काय वाटले ते सांगतो. जॅगरचा आवाज त्या वयाला थक्क करणारा आहे. ‘अँग्री’ या पहिल्या गाण्यात गिटारची ती प्रसिद्ध तुटक चाल तशीच आहे. पण सगळे इतके घासूनपुसून लख्ख केले आहे की कुठे धूळ म्हणून राहिलेली नाही. कीथने गायलेले ‘टेल मी स्ट्रेट’ मला त्यामुळेच जवळचे वाटले. त्यात म्हातारपण लपवलेले नाही. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ हे सात मिनिटांहून मोठे गाणे अल्बमचे शिखर मानले जाते. त्यात स्टीव्ही वंडर वाजवतो आणि लेडी गागा आपला आवाज उंच उंच चढवत नेते. गाणे भारावून टाकते, हे मी नाकारत नाही. पण त्या गाण्याचा सांगाडा काळ्यांच्या चर्चमधला आहे, आणि बाईने आवाज फाटेपर्यंत चढवायची ती जागा 1969 मध्ये ‘गिमी शेल्टर’ या गाण्यात मेरी क्लेटन या काळ्या गायिकेने घडवली. तिला मध्यरात्री घरून बोलावून घेतले होते. ती गरोदर होती. त्यानंतर तिचा गर्भपात झाला. 2023 मध्ये त्या जागेवर जी गायिका आली, ती अल्बमच्या पाहुण्यांत ठळक नावाची होती. क्लेटनचे नाव सर्वसामान्य श्रोत्यांना कळायला 2013 चा एक माहितीपट यावा लागला.

अल्बमच्या नावाचेही तसेच. ‘हॅकनी डायमंड्स’ म्हणजे चोरी करताना खिडकीची किंवा गाडीची काच फोडली की रस्त्यावर पडणारा चुरा. हॅकनी हा पूर्व लंडनचा भाग, कष्टकऱ्यांचा आणि स्थलांतरितांचा म्हणून ओळखला गेलेला. जॅगर आणि कीथ तिथले नव्हेत, ते डार्टफर्डचे. गरीब वस्तीने आपल्या फुटक्या काचांना थट्टेने ‘हिरे’ म्हणावे यात दुःख पचवण्याची ताकद आहे. तोच शब्द एका अतिश्रीमंत बँडने अल्बमवर छापावा म्हणजे काय, हा प्रश्न चाहत्यांच्या चर्चेत मला फारसा आढळला नाही.

चाहत्यांची चर्चा वेगळ्याच गोष्टींवर चालली. एक पक्ष म्हणाला, 1981 च्या ‘टॅटू यू’नंतर इतके चांगले काम झाले नव्हते. दुसरा पक्ष म्हणाला, निर्मात्याने फार चकचकीत केले, आमचा खडबडीत बँड कुठे आहे? वॉट्सशिवाय हा बँड उरतो का, असाही सूर होता. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला सर्वोत्तम रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. 2024 चा अमेरिकेतला दौरा ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणाऱ्या ‘एएआरपी’ या संघटनेने पुरस्कृत केला होता. यातली थट्टा चाहत्यांनी स्वतःच केली आणि आनंदाने तिकिटे काढली.

या दोन्ही पक्षांचे मोजमाप एकच आहे, ते म्हणजे वय. ऐंशीतही किती जोम आहे, पूर्वीइतका आहे की नाही. जणू कलेचा इतिहास 1962 मध्ये सुरू झाला. प्रस्थापित रसिकतेची ही जुनी खोड आहे. स्वतःची आठवण जिथे सुरू होते तिथे ती परंपरेचा आरंभ मानते. त्याआधी जे होते ते ‘मुळे’, ‘प्रभाव’, ‘लोकपरंपरा’. मुळे मातीत असतात. त्यांचा सत्कार करावा लागत नाही.

आता शेवटचे गाणे. बारावे गाणे ‘रोलिंग स्टोन ब्लूज’. त्यात फक्त जॅगर आणि कीथ आहेत. एक गिटार, एक माउथ ऑर्गन, एक आवाज. पाहुणे नाहीत, झगमगाट नाही. माझ्या मते अल्बममधले हे सर्वांत खरे गाणे, आणि हेच तेवढे त्यांचे नाही. ते मडी वॉटर्सचे आहे. मूळ तबकडी शिकागोच्या चेस कंपनीने 1950 मध्ये काढली. 1962 मध्ये ब्रायन जोन्सला एका मासिकाशी फोनवर बोलताना बँडचे नाव विचारले गेले. समोर मडी वॉटर्सची तबकडी पडली होती, तिच्यावरच्या गाण्याचे नाव त्याने सांगून टाकले. म्हणजे या बँडचे बारसेच त्या गाण्याने झाले. त्याआधी ऑक्टोबर 1961 मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर जॅगर आणि कीथची पुन्हा गाठ पडली, तीही जॅगरच्या काखेतल्या चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या तबकड्यांमुळे.

हा मडी वॉटर्स कोण? खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. जन्म मिसिसिपीतला. तो स्वतः 1915 साल सांगे, जुने कागद 1913 सांगतात. हे वाचताना मला हसू आले आणि वाईटही वाटले. माझ्या वडिलांची जन्मतारीख 1 जून आहे, त्यांच्या मित्राचीही 1 जूनच आहे. ज्यांच्या जन्माची नोंद कोणी ठेवत नाही त्यांची तारीख मास्तर ठरवतो. मॉर्गनफील्ड क्लार्क्सडेलजवळ स्टोव्हॉलच्या मळ्यावर वाढला, कापूस वेचला, पुढे ट्रॅक्टर चालवला. 1941 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातर्फे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे काळे प्राध्यापक जॉन वर्क हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्या मळ्यावर गेले. मॉर्गनफील्डने आपला आवाज प्रथम त्या यंत्रातून ऐकला. पुढे त्याला तबकडीच्या दोन प्रती आणि 20 डॉलरचा चेक आला. लोमॅक्सचे नाव जगभर झाले. जॉन वर्कचे संशोधन अनेक दशके कपाटात पडून राहिले. 1943 मध्ये मॉर्गनफील्ड मळा सोडून शिकागोला गेला. गाव सोडून शहर गाठणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला मी समजावून सांगायला नको. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. ज्या आवाजाला पुढे रॉक म्हटले गेले त्याचा एक मोठा पाया इथे आहे.

स्टोन्सवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांनी आपले गुरू लपवले नाहीत. 1964 च्या जूनमध्ये ते शिकागोला चेसच्या स्टुडिओत तीर्थयात्रेला जावे तसे गेले. विली डिक्सनचे ‘लिटल रेड रूस्टर’ त्यांनी त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. 1965 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आम्हाला बोलवायचे असेल तर हाउलिन वुल्फलाही बोलवा, असा आग्रह त्यांनी धरला आणि तो गात असताना त्याच्या पायाशी बसले. नोव्हेंबर 1981 मध्ये शिकागोच्या एका लहान क्लबात मडी वॉटर्सच्या मंचावर जाऊन त्याच्यासोबत गायले. त्यानेही या पोरांविषयी कृतज्ञतेने बोलून दाखवले आहे. 30 एप्रिल 1983 रोजी तो वारला.

पण कृतज्ञता वेगळी आणि हिशोब वेगळा. 1968 च्या ‘बेगर्स बँक्वेट’मध्ये रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्सचे ‘प्रॉडिगल सन’ हे गाणे आले, तेव्हा सुरुवातीच्या प्रतींवर रचनाकार म्हणून जॅगर-रिचर्ड्‌स ही नावे होती. विल्किन्स तेव्हा हयात होता. 1969 मध्ये ‘लव्ह इन व्हेन’ आले. ते रॉबर्ट जॉन्सनचे. पण तबकडीवर भलतेच टोपणनाव छापलेले. जॉन्सनच्या गाण्यांवर कुणाचाच हक्क उरलेला नाही, असा युक्तिवाद बँडच्या त्या काळच्या गाण्यांची मालकी असलेल्या कंपनीने न्यायालयात केला. तो अपिलात फेटाळला गेला 2000 मध्ये. जॉन्सन मेला होता 1938 मध्ये. आणि हे केवळ गोऱ्या पोरांचेच दोष नाहीत. खुद्द मडी वॉटर्स आणि विली डिक्सन यांना 1976 मध्ये आपल्याच गाण्यांच्या पैशासाठी ‘आर्क म्युझिक’ या प्रकाशन कंपनीवर दावा लावावा लागला. ही कंपनी चेस बंधूंच्या भागीदारीतली. तो न्यायालयाबाहेर मिटला.

व्यवहार असा आहे. गाणे गाणाऱ्याला एक वाटा असतो, रचणाऱ्याला दुसरा. तबकडीवर रचनाकाराचे नाव बदलले की दुसरा वाटा त्याच्या नातवंडांपर्यंत बदलतो. जमिनीच्या सात-बाऱ्यावरचे नाव बदलल्यासारखे हे आहे. शेत तेच, कसणाराही तोच, फक्त पीक दुसऱ्याच्या खळ्यात.

कीथ रिचर्ड्‌स एक गोष्ट नेहमी सांगत आला आहे. 1964 मध्ये चेसच्या स्टुडिओत शिरलो तेव्हा मडी वॉटर्स शिडीवर चढून छत रंगवत होता. लिओनर्ड चेसचा मुलगा मार्शल म्हणतो, असे कधी घडलेच नाही. चाहत्यांना ही गोष्ट फार आवडते. का आवडते याचा विचार केला पाहिजे. ती खरी असेल तर ज्याच्या गाण्यावर कंपनी उभी राहिली त्याला ती मजूर म्हणून राबवत होती. ती खोटी असेल तर त्याहून वाईट. मग काळा गुरू आठवतानाही त्याच्या हातात रंगाचा ब्रश द्यावासा का वाटला?

आणि चाहता म्हणजे तरी कोण? 6 डिसेंबर 1969 रोजी कॅलिफोर्नियात अल्टामाँट येथे स्टोन्सच्या मैफलीत मेरेडिथ हंटर हा 18 वर्षांचा काळा तरुण मंचासमोर भोसकून मारला गेला. मारणारे, बंदोबस्तासाठी ठेवलेल्या ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकल टोळीचे. हंटरच्या हातात पिस्तूल होते, हे चित्रफितीत दिसते; आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला. हंटरच्या कबरीवर कित्येक वर्षे दगडही नव्हता. तोही या बँडचा चाहता म्हणूनच तिथे गेला असेल. चाहत्यांच्या प्रेमाचा इतिहास लिहिताना त्याला कुठल्या पानावर घ्यायचे?

म्हणून ‘वर्तुळ पूर्ण झाले’ हे मला मान्य नाही. वर्तुळ पूर्ण होते तेव्हा निघालेली वस्तू मूळ जागी परत येते. इथे काय परत आले? नाव परत आले, हे खरे. 2023 च्या अल्बमवर रचनाकार म्हणून मडी वॉटर्सचे नाव आहे, आणि ती लहान गोष्ट नाही. पण बारा गाण्यांतले शेवटचे गाणे पूर्वजाला अर्पण करणे हे श्राद्धासारखे आहे. श्राद्धात पूर्वजाला पान वाढतात. हिस्सा देत नाहीत.

माझे सहकारी यावर म्हणाले, “सर, काळ्यांनी तरी ब्लूज कुठं सांभाळला? त्यांच्याच पोरांनी सोडला. गोऱ्यांनी उचलला म्हणून जगला.” हे त्यांचे बोलणे मला झोंबले, कारण ते अर्धे खरे आहे. 1960 च्या दशकात काळा तरुण सोल संगीताकडे वळला. ब्लूजला त्याला मळ्याचा वास येत होता. ज्या गाण्यात बापाची गुलामी ऐकू येते ते गाणे पोराला नको होते. तरुण काळ्या श्रोत्यांनी बी. बी. किंगची हुर्यो उडवल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे.

इथे मला माझा आजा आठवला. तो गावकीचे डफडे वाजवायचा. पोळ्याला, पाटलाच्या लग्नाला, मयतीला. बदल्यात ज्वारी आणि शिळे अन्न. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने ठरवले की हे काम बंद. आज्याने डफडे आढ्याला टांगले ते परत गावासाठी काढले नाही. गावाने बहिष्कार घातला तरी नाही. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. मी पदवीधर झालो त्याचे मूळ त्या आढ्याला टांगलेल्या डफड्यात आहे. मिसिसिपी सोडणाऱ्याचा आणि ब्लूजकडे पाठ फिरवणाऱ्याचा स्वाभिमान मला म्हणूनच कळतो. त्याला ‘परंपरा सांभाळली नाही’ असे म्हणण्याचा अधिकार तिकीट काढून ऐकणाऱ्याला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. आज्याने गावकी सोडली, गाणे सोडले नाही. जयंतीच्या रात्री तो ढोलकी घेऊन बसायचा आणि स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. वामनदादा कर्डकांची गाणी तर वस्तीला पाठ होती. सोबत आज्याचीही असायची. त्यांपैकी एका गाण्याचे मला अर्धे धृपद आठवते. बाकी गेली. ती कोणी चोरली नाहीत. कोणी यंत्र घेऊन आलेच नाही, आणि घरात लिहिता येणारा पहिला नातू शहरात वसतिगृहात राहून दुसऱ्यांच्या कविता पाठ करत होता. वसतिगृहात मी मित्रांना आजा ‘शेतकरी’ असल्याचे सांगितले. ढोलकीचा उल्लेख टाळला. माझ्या या लाजेचा हिशोब मी कुठल्या कंपनीकडून घेणार?

आमच्यापैकी शिकलेल्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. लादलेली सेवा नाकारणे आणि आपल्या कलेवरचा हक्क सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या बापजाद्यांनी केली. दुसरी आपल्या हातून नकळत होते आहे. आपण जे बेवारस सोडू ते बाजार उचलील, लख्ख करील, आणि साठ वर्षांनी एखाद्या अल्बमच्या शेवटी आपल्याला आदरांजली वाहील. त्या वेळी ‘हे आमचे’ म्हणायला आपल्याजवळ नाव, गाव, साल असले पाहिजे. मडी वॉटर्सजवळ निदान 1941 ची तबकडी आणि रचनाकार म्हणून नाव होते, म्हणून तो न्यायालयाच्या दारापर्यंत तरी जाऊ शकला.

या वर्षी मी माझ्या वर्गातल्या मुलामुलींना एक काम दिले आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वस्तीतल्या एका तरी म्हाताऱ्या गायकाकडे, वादकाकडे, जलशातल्या माणसाकडे जायचे. मोबाइलवर त्याचे गाणे त्याला विचारून मुद्रित करायचे. रचना कुणाची, चाल कुणाची, कोणत्या साली कुठे गायली, हे त्याच्या तोंडून लिहून घ्यायचे, त्याला वाचून दाखवायचे आणि एक प्रत त्याच्या घरी ठेवायची. आतापर्यंत 11 वह्या जमा झाल्या आहेत. त्यांतल्या दोन गायिकांची नावे त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हती. त्या ‘अमक्याची आई’ म्हणूनच ओळखल्या जात. सहकाऱ्यांनी तबकड्यांच्या कपाटाशेजारी या वह्यांसाठी एक खण रिकामा करून दिला आहे. आमचे भांडण मिटलेले नाही.

इतर गावांतल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनीही हे काम हाती घ्यावे. म्हातारी माणसे थांबणार नाहीत.